बापू मास्तरांचं खरं इंग्रजी

किस्से काही कुणी ठरवून साठवत नाही. दुपारी खिडकीत तांदूळ निवडत बसावं, तर ते आपोआप सुपात येऊन पडतात! माझी खिडकी बापू मास्तरांच्या सोप्यासमोर. लढाईच्या दिवसांत, साताऱ्यातल्या आमच्या बोळात, मास्तर तिथं इंग्रजी शिकवायचे. पलटणीत कारकुनी करून आलेले. शिकायला बोळातलीच माणसं. त्यात तारा. तिचा नवरा लढाईवर, आणि सात महिने पत्र नाही. त्याच्या साहेबाला आपल्या हातानं इंग्रजीत विचारायचं, एवढ्यासाठी ती यायची. मी स्वतः चार यत्ता शिकलेली. पण कान शाबूत!

*

मास्तरांचा नियम एकच. वाक्य इंग्रजी हवं, आणि खरंही हवं. 'आय हॅव' म्हटलं की जवळ असेल तेच सांगायचं.

आमच्या शेजारची सखू म्हणाली, "आय हॅव अ बफलो."

"कुठाय म्हैस?"

सखू उठली, माझ्या दारातली म्हैस सोडली आणि सोप्यापुढं आणून उभी केली. "आता हाय!"

मास्तरांनी वाक्य मान्य केलं. म्हैस मात्र मलाच परत न्यावी लागली!

*

ग्यानबा दुष्काळी माण तालुक्यातला. इथं एका वखारीवर राखणदार. एकदा मास्तरांनी सांगितलं, धो धो पाऊस पडला की साहेब म्हणतो, आभाळातून मांजरं-कुत्री पडतायत. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज!' सगळे हसत हसत म्हणाले. एक ग्यानबा सोडून.

"म्हण की रं!"

"न्हाई मास्तर. आमच्या माणात असा पाऊस पडंल, तवा म्हणीन."

आणि कोरड्या आभाळाकडं असा बघत बसला, जणू पहिलं मांजर आत्ता दिसणार!

*

'आय शॅल' आलं ती दुपार मला अजून आठवते. मास्तर म्हणाले, "उद्याचं खरंखोटं कोण तपासणार? म्हणा काय म्हणायचं ते."

किल्ल्याच्या अंगावर ऊन पेंगत होतं. सखू म्हणाली, मी मोटारीत बसेन. ग्यानबा म्हणाला, मी कृष्णामाई माणात नेईन. मला कुठलं राहवतंय? खिडकीतूनच ओरडले, "आय शॅल सी द सी!"

"खिडकीतल्या बाई, बरोबर!" मास्तर म्हणाले.

ताराचे नुसते ओठ हलले. काय म्हणाली, ते मलासुद्धा ऐकू आलं नाही. मला!

*

'माय हजबंड्स नेम इज' इथवर तारा यायची आणि थांबायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? उंबऱ्यावर तिची सासू पहाऱ्याला बसल्यासारखी. ती तिथनं ओरडायची, "सर्जेराव!"

मास्तर कपाळाला हात लावायचे. "आवं, वाक्य एकीचं आन् नाव दुसरीनं घ्यायचं, कसं चालंल?"

"का न्हाई? ल्योक माझाच हाय!"

साहेबाला पत्र लिहिलं, त्यातही तारानं नावाची जागा कोरी सोडली. ती मास्तरांनी भरली.

*

उत्तर आलं. टाइप केलेला एकच कागद. मास्तरांनी हात पुढं केला.

"मी वाचते," तारा म्हणाली.

मी सूप टाकून धावले. तारानं वाचलं, "युवर हजबंड..." पुढं नाव होतं. सवयीनं तिनं सासूकडं बघितलं. म्हातारीचं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

तारानं डोक्यावरचा पदर सारखा केला, कागद दोन्ही हातांत धरला. "सर्जेराव," ती मोठ्यानं म्हणाली.

मग एकेका शब्दावर बोट ठेवत पुढं वाचत गेली, अर्थ सांगत गेली. उजव्या हाताला गोळी लागली, म्हणून पत्र लिहिता आलं नाही. इस्पितळात आहे. बरा आहे. रजेवर येणार आहे.

सखू रडायला लागली. ग्यानबा पटक्याच्या टोकानं डोळे पुसत होता. मास्तर पुटपुटले, "एक चूक न्हाई!"

सासू उंबऱ्यावरनं उठली, ताराच्या शेजारी येऊन टेकली.

"परत वाच."

"कुठनं, आत्याबाई?"

"नावापासनं."