भावाचं गुड मॉर्निंग पथक

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला हसला तरी मी आधी दुधात बोट बुडवून बघते. त्यामुळे थोरल्या भावानं औरंगाबादच्या कॉलेजातून जपानी कार्टूनच्या सीड्या आणल्या, तेव्हा पहिल्याच सीडीला मी म्हणाले, "हे पोरगं पुढं बिघडणार."

ते पोरगं म्हणजे गोष्टीचा नायक. त्याचं गाव दरोडेखोरांनी जाळलेलं, आणि जगात कुणाला कुणाची भीती वाटू नये म्हणून तो घराबाहेर पडलेला. यात वाईट काहीच नव्हतं. पण पुढं पुढं तो जेवताना हसेनासा झाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी त्यानं चोरांना मारलं, मग चोरांना जेवू घालणाऱ्यांना, आणि शेवटच्या सीडीत आपल्या म्हाताऱ्या गुरूला. गुरूनं एका चोराला घरात लपवलं होतं. मी ओढणीत तोंड खुपसून रडले. भाऊ म्हणाला, "त्याचं काय चुकलं? नियम सगळ्यांला बराबरच पाहिजे."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

शिक्षण संपवून भाऊ अंबडजवळच्या आमच्या गावी परतला, तेव्हा हागणदारीमुक्तीचं वारं होतं. त्यानं चार मित्र जमवून गुड मॉर्निंग पथक काढलं. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवायचं, हात जोडायचे, एक फूल द्यायचं आणि घरी संडास बांधा म्हणून विनवायचं. फुलं आमच्या अंगणातल्या कण्हेरीची. आई स्वतः तोडून त्याच्या पिशवीत भरायची. लेकाचं तिला कोण कौतुक! माणसं लाजून हसायची, पण खड्डे खणायला लागली. खरं सांगते, मलाही भाऊ फार मोठा वाटला.

मग फुलं बंद झाली आणि शिट्टी आली. शिट्टीमागून तोंडावर बॅटरीचा झोत. पुढं टमरेल जप्त होऊ लागलं आणि देवळाच्या भोंग्यावरून पकडलेल्यांची नावं वाचली जाऊ लागली. समोरच्या चुलतीकडे संडास बांधायला जागाच नव्हती. तिनं दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं आणि ती आजारी पडली. मी भावाला हे सांगितलं.

"लोकं बहाणे करून राह्यले नुसते," तो म्हणाला. बोलताना त्यानं ताटातून मानही वर केली नाही. हसणं तर त्यानं कधीच सोडलं होतं. मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले.

उन्हाळ्यात घरामागची विहीर आटली. आई लांबून डोक्यावर पाणी आणायची. ते संडासात ओतायचं तिच्या जिवावर यायचं. नियम करणाऱ्यानं मात्र एक घागर कधी उचलली नव्हती. आई पहाटे गुपचूप बाहेर जायला लागली आणि मी वळणावर राखण करायला.

"त्यो तुला सोडणार न्हाई," मी तिला बजावलं.

"येडी का काय तू? पोटचा पोरगा हाय माझा."

एका पहाटे बाभळींमागून शिट्टी वाजली. मी धावत आईपाशी पोचले, तोवर पथकानं तिला घेरलं होतं. झोत तिच्या तोंडावर, बॅटरी भावाच्या हातात. आईनं डोळ्यांवर हात धरला होता. त्याचा एक मित्र पुटपुटला, "काकू हायेत रे. जाऊ दे."

आईनं हात खाली घेतला आणि लेकाकडे बघत विचारलं, "मला फूल न्हाई आणलंस का रे?"

झोत हलला. तो आता विझेल असं मला वाटलं. माझा संशय खोटा ठरावा म्हणून मी जन्मात पहिल्यांदा देवाला हात जोडले.

भाऊ म्हणाला, "नाव सांगा."

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि परक्या माणसाला सांगावं तसं, नवऱ्याच्या नावासकट, आपलं नाव सांगितलं.