वॉरंटीतली हवा

दुकानात त्याला सगळे धूरवाला म्हणत. हवा शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्याला खरं तर हवावाला म्हणायला हवं, पण हवा गिऱ्हाइकाला दिसत नाही, धूर दिसतो. त्याच्या काउंटरवर एक काचेची पेटी होती आणि पेटीत एक छोटं यंत्र बसवलेलं होतं. पुठ्ठ्याची सुरळी पेटवून विझवायची, आत सोडायची, झाकण लावायचं. धूर चांगला दाटला की बटण दाबायचं. गिऱ्हाईक बायकोकडे वळून “बघितलंस?” म्हणेपर्यंत पेटी लख्ख.

“आता ही पेटी म्हणजे तुमची छाती समजा,” धूरवाला हळूच म्हणायचा, आणि गिऱ्हाइकाचा हात आपोआप छातीवर जायचा.

यात खोटं काही नव्हतं. धूरवाला खोटं बोलायचा नाही, अर्धं बोलायचा. पेटी बादलीएवढी आणि घर घराएवढं, हे उरलेलं अर्धं गिऱ्हाइकाने विचारायचं असतं. कुणी विचारत नसे. हे बोलणं त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की घरी दूध करपलं तरी बायको म्हणायची, “बघत काय बसलात? दाबा बटण.”

पंचाईत झाली ती थोरली बहीणच गिऱ्हाईक म्हणून समोर उभी राहिली तेव्हा. ताईच्या मुलीला झोपेत खोकला यायचा. औषधाने दबायचा, मग पुन्हा उसळायचा. पोरीची झोप होत नव्हती, आणि वर्गात ती बाकावर डोकं टेकून झोपते अशी शाळेतून तक्रार आली होती. डॉक्टरांनी औषध चालू ठेवा आणि धूळ, ओल सांभाळा म्हणून सांगितलं होतं. त्यातली धूळ ताईच्या लक्षात राहिली होती.

“यातलं सगळ्यात चांगलं कुठलं ते सांग,” ताई म्हणाली. “आणि ती पेटी नको दाखवूस. मी तुझी बहीण आहे.”

भाचीचा प्रश्न होता, म्हणून धूरवाल्याने खरंच पेटी बाजूला सारली.

“ताई, घेतलंस तर लहानसं घे. ती झोपते त्या खोलीत ठेव, दार लावून. हवेतली बारीक धूळ ते धरतं, त्यात शंका नाही. पण गादीत बसलेली धूळ त्याला ओढता येत नाही. आणि तिच्या पलंगामागची भिंत ओली आहे, काळी बुरशी धरलीय. पलीकडे न्हाणीघराचा पाइप गळत असणार. आधी ती भिंत बघा. कदाचित यंत्र लागणारही नाही.”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो पूर्ण बोलला, आणि पहिल्यांदाच समोरच्याच्या तोंडावर संशय दिसला. संशय ताईबरोबर आलेल्या भावोजींचा होता. भावोजी विमा कचेरीत दावे तपासत, म्हणजे मुख्यतः नाकारत. समोरचा काहीतरी लपवतोय यावर त्यांचं घर चालत होतं.

“म्हणजे मेहुणे, तुम्ही जे विकता ते चालत नाही?”

“चालतं की. पण नळ गळत असला तर मोठं फडकं आणून काय होणार, भावोजी?”

“आम्ही फडकं घ्यायला आलेलो नाही,” भावोजी म्हणाले आणि निघाले.

नंतर ताईनेच फोनवर सांगितलं, “हे म्हणतात, घरच्यांना सवलत द्यावी लागू नये म्हणून तू भिंत पुढे केलीस. मी म्हटलं, तसा नाही तो. पण अरे, दुकानात उभा राहून माल घेऊ नका कोण सांगतं?”

भावोजींनी दुसऱ्या दुकानातून सगळ्यात मोठं यंत्र आणलं. बसवून द्यायला माणूस येत होता, त्याला नको म्हणाले आणि स्वतःच बसवलं.

काही आठवड्यांनी धूरवाला सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे गेला. यंत्र बाहेरच्या खोलीत होतं, सोफ्याशेजारी, दारातून येणाऱ्याच्या पहिल्या नजरेत. खिडक्या सताड उघड्या होत्या.

“शेजाऱ्यांनाही थोडी मिळू दे,” भावोजी उदारपणे म्हणाले.

“सकाळी डोकं कसं हलकं वाटतं,” ताई म्हणाली. शेजारच्या काकू दुपारी मुद्दाम येऊन यंत्रासमोर बसत, त्यांना म्हणे भूक लागायला लागली होती. भावोजींचा गुडघासुद्धा कुरकुरायचा थांबला होता.

“आणि पोरगी?”

मागच्या खोलीतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

“तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागणारच,” भावोजी म्हणाले आणि दाढी करायला उठले. ताई चहा टाकायला गेली.

धूरवाल्याने सवयीने यंत्राच्या तोंडाशी हात धरला. वारा जेमतेम लागत होता. त्याने यंत्र बंद करून मागचं झाकण उघडलं. आत नवाकोरा फिल्टर होता, कंपनीने पाठवला तसा, पातळ पारदर्शक पिशवीत घट्ट बंद. पिशवी काढल्याशिवाय फिल्टरमधून हवा जायला वाटच नसते. ताईचं डोकं, काकूंची भूक आणि भावोजींचा गुडघा हे सगळं एका पंख्याच्या आवाजावर सुधारलं होतं.

त्याने फिल्टर बाहेर काढून वरची पिशवी सोडवली. ही भावोजींसमोर धरली असती तर जन्मभर पुरेल एवढी मजा होती. मग भावोजींनी यंत्र परत केलं असतं, त्याच्याशी बोलणं सोडलं असतं, आणि भिंतीचं नाव पुन्हा त्या घरात कुणी काढलं नसतं. आत पोरगी पुन्हा खोकली. त्याने पिशवी घडी घालून खिशात टाकली, फिल्टर परत बसवून झाकण लावलं, यंत्र सुरू केलं. भावोजी आले तेव्हा तो काउंटरमागे बसतो तसा ताठ बसला होता.

“भावोजी, मॉडेल एक नंबर निवडलंत. पारख असलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे क्वचित येतं.”

भावोजी पहिल्यांदाच त्याच्यासमोर नीट टेकून बसले.

“फक्त एक आहे. यंत्र ओलाव्याला नाजूक. घरात ओली भिंत निघाली, तर कंपनी दावा नाकारते.”

“कुठल्या कलमाखाली?”

“बारीक अक्षरात असतं.”

“असणारच,” भावोजी आदराने म्हणाले.

“चालवायचंही बंद खोलीत, दार लावून. घरात सगळ्यात लहान खोली पोरीची. आणि गादीच्या धुळीने फिल्टर तुंबला तर ती आपली चूक धरतात. खोळी गरम पाण्यात धुतलेल्या बऱ्या.”

“मी असतो तर हेच लिहिलं असतं,” भावोजी म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी प्लंबर आला. पोरीच्या खोकल्यासाठी इतके महिने ज्या भिंतीला कुणी हात लावला नव्हता, ती यंत्राच्या वॉरंटीसाठी आठवड्याच्या आत फुटली. पाइप बदलला. बुरशी खरवडून नवं प्लॅस्टर केलं. ते सुकेपर्यंत पोरगी आईबापांच्या खोलीत झोपली. मग धुतलेल्या खोळी चढल्या, आणि यंत्र तिच्या उशाशी गेलं. पाहुण्यांना ते दाखवायला आता आतपर्यंत न्यावं लागायचं, एवढी एकच खंत भावोजींना राहिली.

महिन्याभराने ताईचा दुकानात फोन आला. पोरगी सलग झोपू लागली होती. औषधही डॉक्टरांनी कमी केलं होतं.

“ऐक,” ताई म्हणाली, “तुझं ऐकलं असतं तर यंत्र आलंच नसतं. हे सगळ्यांना सांगतात, मेहुण्याला धंद्यातलं काही कळत नाही.”

“चुकलंच माझं,” धूरवाला म्हणाला. खोकला कशाने थांबला, भिंतीने, खोळींनी की पिशवीबाहेर आलेल्या फिल्टरने, हे त्यालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. “भिंत कोरडी आहे ना पण?”

“भिंत?” ताई म्हणाली. “भिंतीचं काय घेऊन बसलायस? आता यंत्र आहे ना.”