रंभाक्काची अंबाडी

कुंभारीतल्या आमच्या विडी कामगारांच्या वस्तीत रंभाबाईला, म्हणजे आमच्या रंभाक्काला, औषधवाली म्हणतात. दारापुढं हातभर जागा, तिथं अंबाडी, मेथी, दोन वांगी. कीड दिसली की लसूण-मिरची वाटून नाहीतर कडुनिंबाचा पाला उकळून फवारायची. विकतचं इख माझ्या दारात नको, असं सांगत फिरायची. भाजी कुणीही तोडावी, विचारायचं न्हाय, हा तिचाच कायदा. विचारलं तर शिव्या खायच्या.

त्या आठवड्यात अंबाडीवर मावा पडला आणि निंबाला काही दाद देईना. बाई हट्टाला पेटली. विड्यांच्या सुपातला तंबाखूचा चुरा मूठभर उकळला आणि संध्याकाळी ते पाणी मारलं. आमचा जन्म तंबाखूत गेलेला, तिला तो विष वाटणार कसा? मलाही वाटला नसता, खोटं कशाला बोलू.

सकाळी तिची कोंबडी अंबाडीखाली मान टाकून पडलेली. आणि वरचे शेंडे कुणीतरी खुडून नेलेले.

रंभाक्का पांढरीफटक पडली. "कुणी तोडली गं?" विचारत दारोदार पळत सुटली, मी मागं. तिसऱ्या घरी नागम्मा म्हणाली, "हुसेनबीनं नेली की. सून आंबट मागत हुती."

सून म्हणजे फिरदोस. सातवा महिना. हुसेनबी विड्या द्यायला कारखान्यात गेलेली, घरात पोरगी एकटी. दाराला आतून कडी, बाहेर फोडणीचा वास. रंभाक्का दोन्ही हातांनी दार बडवत होती आणि आतून फिरदोस "आले, आले" म्हणत सावकाश येत होती. पोटुशी बाई, पळणार कशी? मला मेल्या त्या कडीचा असा राग आला.

दार उघडलं. फिरदोसच्या हातात घास होता. रंभाक्कानं फटका मारून तो उडवला.

"किती खाल्लंस?"

"पयलाच घास हाय, मावशी."

रंभाक्का उंबऱ्यातच बसली.

हुसेनबी आल्यावर रंभाक्कानं काही लपवलं नाही. "तंबाखूचं पाणी मारलं हुतं मी. कुणाला सांगितलं न्हाय." हुसेनबीनं पातेलं उचललं, मागच्या खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली. मग आमच्या तोंडावर दार लावून घेतलं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

रंभाक्कानं सगळी अंबाडी उपटून टाकली, नवं बी पेरलं. आता नुसता निंब. रोज सकाळी सगळ्यांदेखत अंबाडीचं एक पान धुऊन चावून खायची. तरी तीन महिने कुणी हात लावला नाही, भाजी जून होऊन गेली. "माझं दार टाकलं गं लोकांनी," म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

परवा हुसेनबी आली, छातीशी धरलेली महिन्याभराची नात. उभ्याउभ्या जुडीभर अंबाडी खुडली आणि चालती झाली. विचारलं नाही. रंभाक्का दारात विड्या वळत होती. तिनं मान वर केली नाही, पण हातातला दोरा दोनदा तुटला.