पेढ्याआधीचा प्रश्न

लॉ कॉलेजच्या व्हरांड्यात पेढा हातात धरून एक गृहस्थ थबकले. पेढा देणारी मुलगी पारध्यांच्या पालावरची. तिला नुकताच प्रवेश मिळाला होता. तिची आई पलीकडच्या बाकांवर पेढे वाटत होती.

"कॅटेगरीतून का?" गृहस्थांनी विचारलं.

"हो, काका."

"मग काय! तुमचं सोपं असतं बाई." त्यांनी पेढा परत खोक्यात ठेवला. "शुगर आहे मला."

मघाशी दुसऱ्या एका पोराचे दोन पेढे यांनीच खाल्ले होते.

सोपं म्हणे! पोलिसांनी पाल उठवलं की हिची शाळा सुटायची. आम्ही सभांमधून समान संधी, समान संधी म्हणून घसा फोडतो. संधी मिळालेल्या पोरीला मात्र अभिनंदनाआधी हा प्रश्न. उद्या वर्गात तोच, परवा कोर्टातही तोच. कायद्यानं जागा मिळते हो, पण शेजारी बसणारा सरकून बसेल, असं कुठल्या कलमात लिहायचं?

आई परत आली. "काय म्हनलं गं साहेब?"

"पोरीनं नाव काढलं म्हणाले."

आईनं भरल्या डोळ्यांनी त्यांना हात जोडले. आणि गृहस्थांनी तो नमस्कार बिनदिक्कत घेतला.