इस्त्री केलेलं लाळेरं

माझ्या सासऱ्यांचा जन्म लाँड्रीत गेला. डाग दिसला की त्यांना अजूनही ताप भरतो. कुणाच्या लग्नाला गेले तर नवरानवरी सोडून पाहुण्यांच्या बाह्या बघत बसतात. स्वतःचा शर्ट पांढराच, आणि अंगातून काढला तरी उभा राहील इतका कडक. असा माणूस आम्ही दिवसभर आमच्या तान्ह्या लेकीपाशी, टिल्लीपाशी ठेवला, आणि वर टिल्लीनं आपल्या हातानं खायचं असं ठरवलं. आम्हाला अक्कल नव्हती, दुसरं काय!

डॉक्टर म्हणाले होते, पोरगी आता नीट बसते, वस्तू धरते. गाजर, भोपळा मऊ उकडून लांबट तुकडे समोर ठेवा, जवळ बसा, पण भरवू नका. बायकोनं कामावर जाताना बजावलं, "बाबा, चमचा काढलात तर टिल्लीला पाळणाघरात घालेन, सांगून ठेवते." सासऱ्यांचा चेहराच उतरला. सासूबाई गेल्यापासून त्या माणसाला टिल्लीशिवाय होतं कोण? मला वाईट वाटलं.

पण जित्याची खोड! आमची पाठ वळली की चमचा बाहेर. टिल्ली आ करायची, हे भरवायचे, सांडण्याचं नाव नाही. मग पुरावा म्हणून हे स्वतःच लाळेऱ्यावर भोपळा फासायचे. तोही केवढ्या कलाकुसरीनं! हनुवटीखाली ओघळ, कडेला इवल्या बोटांचे ठसे. संध्याकाळी बायको ते बघून खूश.

"केवढं सांडलं हो बाबा आज!"

"काही विचारू नकोस," म्हणत हे सुस्कारा टाकायचे.

एकदा तिनं लाळेरं उचललं आणि तशीच उभी राहिली. भोपळ्याच्या डागांवरून कडक इस्त्री फिरली होती. मधोमध घडीसुद्धा होती.

"बाबा, जेवता जेवता टिल्लीनं इस्त्री केली का?"

पितळ उघडं पडलं. "चुरगळलं होतं गं. राहवलं नाही," सासरे पुटपुटले. मी हसलो, तर बायकोनं असं बघितलं की मी पाणी प्यायला निघून गेलो. परत आलो तेव्हा ते म्हणत होते, "ती आ करून माझ्याकडे बघते. हातानं खायला लागली की कशाला बघेल?"

बायकोचे डोळे भरले, पण ती बधली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही रजा काढून समोर उभे राहिलो. सासरे टिल्लीपुढे अगदी जवळ, स्वतःच्या हातांवर बसले. उंच खुर्चीतल्या टिल्लीनं चमच्याची वाट बघितली, भोकाड पसरलं आणि शेवटी भोपळा उचलून आजोबांच्या शर्टावर हाणला. तो छातीला चिकटला. सासऱ्यांनी डोळे घट्ट मिटले. मी मनात म्हटलं, संपलं, आता हे चमचा काढणार, गेली पोर पाळणाघरात.

टिल्ली पुढे वाकली, भोपळा शर्टावरून ओरबाडला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला. हिरड्यांनी चघळला. गिळला! मग आजोबांच्या तोंडाकडे बघून खिदळली आणि शर्ट चाचपू लागली.

"बाबा, हलू नका," बायको कुजबुजली.

"हलतंय कोण?" सासरे श्वास रोखून म्हणाले. "आधी भोपळा आण. कॉलरपाशी लाव, तिथं तिचा हात पोचतो."