बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधला काकूंचा फोटो

गेल्या मंगळवारी नेऱ्यातलं दुकान उघडलं, लॅपटॉप चालू केला आणि आतून टक्… टक्… असा आवाज यायला लागला. स्क्रीन काळीच. बंद करून परत चालू केला… तेच.

माझं काम फ्लेक्सची डिझाइनं करून देण्याचं. वाढदिवस, उद्घाटन, निवड झाल्याबद्दल अभिनंदन. तयार डिझाइनं मी तारीख घालून सीडीवर उतरवून ठेवतो, त्यामुळे कामाची काळजी नव्हती. मूळ फोटो मात्र मोठे असतात, ते लॅपटॉपमध्येच राहतात… आणि मला त्यातलाच एक हवा होता.

आदल्या संध्याकाळी अण्णा दुकानात येऊन गेले होते. अण्णा म्हणजे माझे घरमालक, दुकानाचा गाळा आणि मागची खोली त्यांचीच. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं, रविवारी वर्षश्राद्ध. आणि घरात काकूंचा एकही धड फोटो नाही. मतदान कार्डावरचा मोठा करून पाहिला, तर काकू सोडून दुसरं कुणीही वाटावं असा.

"तू माझ्या वाढदिवसाला फोटो काढलावता, ती मला ववाळत व्हती तवा. त्यात आसंल बघ ती," अण्णा म्हणाले.

होत्याच त्या. मला नीट आठवत होतं. फ्लेक्सवर एकटे अण्णा हवे होते, म्हणून मी त्यांच्या कडेकडेनं बाकी सगळं कापून टाकलं होतं… आमच्या कामाची पद्धतच ती. मूळ फोटो आहे या भरवशावर मी म्हणालो, "उद्या देतो." आणि उद्या हे असं.

टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून लॅपटॉप पुण्याला नेला. डेटा काढून देणाऱ्या माणसानं तो कानाशी धरला आणि विचारलं, "कितीदा चालू करून बघितलात?"

सकाळपासून तेवढंच तर करत होतो.

"आता अजिबात चालू करायचा नाही. आतलं हेड, म्हणजे डिस्क वाचणारी सुई, घासत असेल तर दर वेळी थोडं थोडं पुसलं जातं. सगळे लोक सगळं मागतात… तुम्हाला नक्की काय हवंय?"

"एक फोटो. आमच्या काकूंचा. त्या गेल्या."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "प्रयत्न करतो. शब्द देत नाही."

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. पुसलं गेलं असेल तर नेमकं तेवढंच गेलं असेल, असं सारखं वाटायचं. जेवताना वाटायचं, शटर ओढताना वाटायचं…

अण्णा रोज सकाळी विचारायचे, "झाला का रं नीट तुजा डबा? रेडिओला मारतो तशी एक थाप मारून बघायची की."

"अण्णा, थाप मारली तर आहे तेही जाईल."

"मग नगं बाबा. न्हाई मारत."

शुक्रवारी फोन आला. पुण्याला जाऊन आलो. जे निघालं ते त्यांनी दुसऱ्या डिस्कवर दिलं होतं. पण फाइलींची नावं गेलेली, नुसते आकडे. मित्राचा कॉम्प्युटर दुकानात आणून एकेक फोटो उघडत बसलो. काही फोटो वरून बरोबर आणि खालून सगळे करडे…

अण्णा शेजारी स्टुलावर बसले होते. "ह्या भावी सरपंचाचं बघ किती निघालं! ह्यो काय पुसला न्हाई गेला," असं म्हणून हसवायचा प्रयत्न करत होते. स्वतः मात्र हसत नव्हते.

आणि तो फोटो उघडला.

खालची पट्टी करडी, दोघांचे पाय गेलेले. वर अंगण, अण्णा, आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावणाऱ्या काकू. चेहरा अर्धा कॅमेऱ्याकडे, काहीतरी बोलता बोलता हसलेल्या. अण्णांनी स्टूल स्क्रीनच्या अगदी जवळ ओढलं.

मग मी काकूंना वेगळं करायला बसलो. जमेना. त्यांचा हात अण्णांच्या कपाळावर, पदर अण्णांच्या बाहीवर. अण्णांना कापलं की काकूंचा हात मनगटापासून जात होता. परत परत करून पाहिलं.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "मला बी ऱ्हाऊ दे त्यात."

शनिवारी फ्रेम घरी आली आणि अण्णांची थोरली बहीण भडकली. सगळे त्यांना आत्याच म्हणतात. "अण्णा, जित्या माणसाच्या फोटुला हार घालत्यात व्हय रं? डोस्कं ठिकाणावर हाय का तुजं?"

"हार तिच्या बाजूनं घालू आक्का. माझ्याकडं काय बी नगं."

"आन् सरकला तुज्याकडं म्हंजे?"

"सरकला तर सरकला. तिलाच घाई झाली आसंल म्हणू."

आत्या रागानं आत निघून गेल्या. थोड्या वेळानं टाचण्यांची डबी घेऊन बाहेर आल्या…

रविवारी हार काकूंच्या कोपऱ्यात टाचण्यांनी पक्का केला होता. तरी पंख्याचा वारा लागला की तो हलायचा आणि मी उठायचो. सरळ करायचा, बसायचं, परत उठायचं. शेवटी अण्णांनीच माझा हात धरून शेजारी बसवलं. "बस रं. किती यळ उठशील?"

दुपारी पंगत बसली तोवर हार अण्णांच्या खांद्यावर आला होता. आत्यांनी पाहिलं, अण्णांनी पाहिलं. उठलं कुणीच नाही… मीसुद्धा नाही.

पुण्यातल्या त्या माणसाचे आभार. डिस्कमधलं बरंच काही गेलं, ते आता आठवतही नाही. काकूंचा हात मात्र जिथे होता तिथेच राहिला.