निळ्या ड्रममधली केळ

सावद्याच्या काळ्या मातीत चाळीस वर्षं केळी पिकवलेल्या कौतिक आबांना गुडघ्यांनी जळगावच्या पिंप्राळ्यात आणून बसवलं. मुलाच्या, नीलेशच्या घराला अंगण नव्हतं, गच्ची होती. आबांनी ती गच्चीच कसायला घेतली. तेलाच्या डब्यांत मेथी उगवली, फुटक्या बादलीत कढीपत्ता रुजला, आणि भंगारातून आणलेल्या निळ्या ड्रमला बुडाशी भोकं पाडून त्यांनी गावाकडचा केळीचा कंद लावला. तांबडं फुटलं की आबा त्या केळीजवळ स्टूल टाकून बसत. पान उलगडताना बघायला माणसाकडे वेळ असावा लागतो. तो त्यांच्याकडे भरपूर होता.

पुढे गच्ची गळायला लागली. ड्रम काढायचं नीलेशने ठरवलं. आबांनी गावच्या पितांबरभाऊला फोन लावला. ऐकू कमी येत असल्याने आवाज मोठा.

"दीड वर्स झालं, अजून निसवली नही. नीलेश म्हनतो, काढून टाकू."

ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढणारी मोहिनी तिथंच थांबली. ती नीलेशची बायको. कंद लावला त्याच महिन्यात लग्न होऊन घरात आलेली. वडिलांचं धुळ्यात कूलर दुरुस्तीचं दुकान. शेत तिने एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. केळीला कमळ, म्हणजे केळफूल, आलं की ती निसवली म्हणतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. निसवणं म्हणजे बाळंत होणं, असंच तिने धरलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी जातात. मोहिनीने बॅग भरली ती सगळ्या साड्या घालून. किती दिवस राहशील माय, असं आबांनी विचारलं.

"मला काढूनच टाकायचंय, तर दिवस कशाला विचारता आबा?"

आबांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते हसले नाहीत. गुडघा धरत, एकेक पायरी चढत तिला वर घेऊन गेले. पोंग्यावर, मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानावर, हात ठेवून कमळ कुठून निघतं ते दाखवलं, आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला. मोहिनीला हसू आलं, पण डोळेही भरले.

"मग हिचं काय चुकलं?" तिने विचारलं.

आबांनी ड्रमच्या काठावरून हात फिरवला. शेतात ते पाच-पाच फुटांवर कंद लावत.

"हिचं काही नही चुकलं. जागा मीच कमी दिली. अन् गावभर सांगत बसलो तिच्या नावानं."

मोहिनी धुळ्याला गेली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. दुकानामागे कूलरचा मोठा पत्र्याचा टब पडलाय, बूड गंजलंय, चालेल का? आबांनी लांबी विचारली, रुंदी विचारली, खोली दोनदा विचारली.

पाचव्या दिवशी कुरकुरणाऱ्या कंडक्टरने जळगावच्या स्टँडवर टब उतरवू दिला आणि मागोमाग मोहिनी उतरली. नीलेशने गच्चीवर, खालच्या भिंतीच्या बरोबर वर, स्लॅबला भार होणार नाही, ओल लागणार नाही अशा जागी, विटा रचल्या. केळ नव्या घरात उभी राहिली. मोहिनी दोन्ही हातांनी माती दाबू लागली.

"हळू, माय," आबा म्हणाले. "मुळांना श्वास घेऊ दे."

तिने हात हलका केला.